झाड आढळले नाही

पौळ साहेबांनी मोबाईल माझ्याकडं वळवला. पडद्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘झाड आढळले नाही.’

झाड आमच्या दोघांच्या मधोमध उभं होतं. माझ्या शर्टाची बाही त्याच्या फांदीला अडकली होती.

“पुन्हा फोटो काढा,” मी म्हणालो.

“सहा वेळा काढला.”

“जवळून काढा.”

त्यांनी जवळून काढला. ‘झाड आढळले नाही.’ लांबून काढला. ‘झाड आढळले नाही.’ मग मी झाडाला मिठी मारून उभा राहिलो. मोबाईलनं बराच वेळ विचार केला आणि लिहिलं, ‘अनोळखी व्यक्ती आढळली.’

“चला, तू तरी आढळलास,” पौळ साहेब म्हणाले.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, पदवी घेऊन घरी बसलो होतो. घरात मोबाईल कळणारा एकमेव माणूस म्हणून कौसाआत्याच्या सीताफळबागेचा सगळा सरकारी कारभार माझ्याकडं आला होता. पौळ साहेब आमचे कृषी सहायक. त्यांच्याकडं आमच्यासारखी सात गावं, एक मोटारसायकल आणि हे ॲप होतं. आधीच्या दोन वर्षी ते वहीत आकडा लिहून सही करायचे. तिसऱ्या वर्षी वही बंद झाली. आता प्रत्येक झाडाचा फोटो काढायचा, ॲपनं झाड ओळखायचं, जिवंत की मृत ते ॲपनं ठरवायचं. पौळ साहेबांनी फक्त मोबाईल धरायचा.

अडचण एवढीच होती की मार्च महिना होता. मार्चमध्ये सीताफळाच्या अंगावर एक पान राहत नाही. दोन एकरांत तीनशे वीस काटक्या उभ्या होत्या.

आत्या पलीकडच्या ओळीतून आली. तिनं पौळ साहेबांच्या हातातला मोबाईल पाहिला, मग झाड पाहिलं, आणि अंगठ्याच्या नखानं खोडाची साल जराशी खरवडली. आत ओली, हिरवीगार रेघ उमटली.

“हे बगा. जितं हाय.”

“मावशी, मला दिसतंय.”

“मग लिवा की.”

“लिहायला जागाच नाही. याला दिसायला पाहिजे.” त्यांनी मोबाईल वर केला.

“त्याला नखं नाईत व्हय?”

पौळ साहेबांनी त्या हिरव्या रेघेचा अगदी जवळून फोटो काढला. ॲप म्हणालं, ‘छायाचित्र अस्पष्ट आहे.’

बांधावर अण्णा उभे होते. अण्णा म्हणजे माझे वडील, आत्याचे थोरले भाऊ. सगळं गाव त्यांना अण्णा म्हणतं, आत्यासुद्धा. ते मोबाईलकडं बघत होते. मग म्हणाले, “काय म्हणतंय सरकार?”

“झाडं नाईत म्हणतंय,” मी म्हणालो.

“मंग नाईत.” असं म्हणून ते विहिरीकडं गेले.

यातली मेख सांगायला हवी. रान अण्णांच्या नावावर होतं. आत्याचा नवरा वारला, ती माहेरी आली, आणि अकरा वर्षं अण्णांच्या शेतात राबली. मग एका उन्हाळ्यात तिनं हा दोन एकरांचा खडकाळ तुकडा मागितला. “मला सीताफळ लावायचंय. माझ्या नावानं.” अण्णांनी नाही म्हटलं नाही. ते कधीच नाही म्हणत नाहीत, अट घालतात. संमतीपत्रावर सही केली, सरकारी फळबाग योजनेचा अर्ज आत्याच्या नावानं भरू दिला, आणि चार माणसांत सांगितलं, “तीन वर्सं. सरकारचा तिसरा हप्ता हिच्या खात्यात पडला, म्हंजे झाडं जगली. मग रान हिच्या नावावर करून देतो. नाय पडला, तर झाडं उपटून सोयाबीन.”

दोन हप्ते पडले होते. तिसऱ्यासाठी तीनशे विसातली दोनशे अठ्ठ्याऐंशी झाडं एकतीस मार्चच्या आत जिवंत दिसायला हवी होती. त्या दिवशी पंधरा तारीख होती.

आणि अण्णांचं रान पुढं कुणाला जाणार, तर मला. म्हणजे आत्याची झाडं मेली तर माझा दोन एकरांचा फायदा होता. हे मला माहीत होतं. आत्यालाही माहीत होतं. तरी तिनं माझ्याच हातात कागद दिले होते. घरात दुसऱ्या कुणाला पासवर्ड लक्षात राहत नव्हता.

*

सोमवारी आम्ही तालुक्याच्या कृषी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. इतक्या आपुलकीनं ऐकलं की मला तेव्हाच भीती वाटली.

“झाडं जिवंत आहेत, हे मला मान्य आहे,” ते म्हणाले.

“मग झालं की,” आत्या म्हणाली.

“सिस्टीमला मान्य नाही.”

“तिला समजावा.”

“सिस्टीम पुण्याला असते.”

मी विचारलं, “पानगळ झाली, असं कुठं लिहिता येतं का?”

त्यांनी संगणक आमच्याकडं फिरवला. झाड न दिसण्याची कारणं निवडायची सोय होती. आग. पूर. जनावरांनी खाल्ले. चोरी. मी चोरीवर बोट ठेवलं. झाडं कुणी नेली नाहीत, पानं गेलीत, पण जवळपास तेच आहे. साहेब म्हणाले, चोरी लिहिली तर पोलिसांकडची नोंद जोडावी लागेल.

“त्यापेक्षा असं करा,” ते म्हणाले, “पाणी द्या. भरपूर पाणी द्या. दहा-बारा दिवसांत पालवी फुटेल. फोटो काढा. विषय संपला.”

उत्तर सोपं होतं, आणि बरोबरही होतं. मी आत्याकडं पाहिलं. ती संगणकाकडं बघत होती.

“साहेब, झाडं ताणावर हायत,” ती म्हणाली. “पाणी तोडून दोन म्हैने झालं. आता झोपल्यात. आता उठवली तर उन्हात कळी धरतील. मे मधी हीर आटती आमची. कळी गळंल, झाड खचंल. तीन वर्सांनी पैला बहार येणार हाय. फोटोसाठी घालवू व्हय?”

“एक बहार गेला तर पुढच्या वर्षी येईल मावशी.”

“झाडावर रान हाय माझं,” आत्या म्हणाली. “झाड मारून रान घिऊ?”

साहेबांनी हेल्पलाईनचा नंबर दिला. मी व्हरांड्यात उभं राहून फोन लावला. एकोणीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, “सर, फोटो चांगल्या उजेडात काढा.”

मी म्हणालो, “ताई, बेचाळीस डिग्री उजेड आहे.”

ती म्हणाली, “आपली तक्रार नोंदवली आहे, सर.” तक्रारीचा क्रमांक अकरा आकडी होता. दोन दिवसांनी मेसेज आला, ‘आपल्या तक्रारीचे समाधानकारक निवारण झाले आहे.’ कुणाचं समाधान झालं ते लिहिलं नव्हतं. मी अर्ज लिहिला. तालुक्यानं तो जिल्ह्याला पाठवला, जिल्ह्यानं तालुक्याला. सहा दिवसांनी तो पौळ साहेबांकडं आला, वर शेरा मारून: ‘स्थळपाहणी करून ॲपद्वारे खात्री करावी.’

पौळ साहेबांनी तो घडी घालून खिशात ठेवला. “मला माझंच पत्र आलं,” ते म्हणाले.

*

सव्वीस तारखेला मी शेवटचा उपाय म्हणून कडुनिंबाचे डहाळे तोडून आणले आणि सुतळीनं एका सीताफळाला बांधले. आत्या कमरेवर हात ठेवून बघत होती.

“भास्क्या, काय करतूस?”

“झाडाला कपडे घालतोय.”

पौळ साहेबांनी फोटो काढला. ॲप पहिल्यांदाच हिरव्या अक्षरांत बोललं. ‘झाड आढळले. प्रजाती: कडुनिंब. ही प्रजाती योजनेत समाविष्ट नाही.’

म्हणजे ॲप मूर्ख नव्हतं. त्यामुळं मला जास्त राग आला.

मी मागं हिरवी शेडनेट धरली. ‘शेडनेट आढळले. कृपया संबंधित योजनेत स्वतंत्र अर्ज करावा.’ मी सुतळी जमिनीवर आपटली. पौळ साहेब बांधावर बसले आणि त्यांनी डबा उघडला. तेवढ्यात शेजारच्या रानातली मथुरावहिनी हंडा घेऊन विहिरीकडं निघाली. वाकडी वाट नको म्हणून ती आमच्या ओळीतून आली. पौळ साहेबांच्या गुडघ्यावर मोबाईल उघडाच होता. त्यातून टुंग आवाज आला.

‘झाड आढळले. प्रजाती: सीताफळ. स्थिती: निरोगी.’

आम्ही तिघांनी मोबाईलकडं पाहिलं. मग मथुरावहिनीकडं पाहिलं. तिनं पोपटी हिरवी साडी नेसली होती आणि ती बरोबर झाडाच्या मागं होती.

“वहिनी, हलू नका,” मी म्हणालो.

“का? साप हाय का?” ती हंडा टाकून तीन झाडं पळाली. तिन्ही झाडं आढळली.

पौळ साहेबांनी डबा बंद केला. ते उठले, नीट फोटो काढला आणि ‘जतन करा’ दाबलं. ॲप म्हणालं, ‘छायाचित्रात लाभार्थी व्यतिरिक्त व्यक्ती आढळली.’ मथुरावहिनीचा चेहरा आत्याच्या आधारकार्डाशी जुळत नव्हता. फोटोत माणूस चालेल, पण तो लाभार्थीच पाहिजे.

“म्हणजे मावशींनी स्वतः…” पौळ साहेब बोलायला लागले आणि थांबले. ते परभणीकडचे असले तरी काही गोष्टी सगळीकडं सारख्याच असतात.

आत्याच्या अंगावर तेव्हा राखाडी रंगाचं लुगडं होतं. तिच्याकडं राखाडी होतं, विटकरी होतं, फिकट जांभळं होतं. नवरा गेल्याला चौदा वर्षं झाली होती. आमच्याकडं बाईचा नवरा गेला की हातातल्या बांगड्यांबरोबर हिरवा रंगही जातो. कुणी सांगत नाही. कुणी विचारतही नाही.

मी म्हणालो, “आत्या, राहू दे. मी जिल्ह्याला जातो उद्या.”

“जिल्ह्याला काय हिरवं मिळतंय?” ती म्हणाली. मग पौळ साहेबांना विचारलं, “उद्या सकाळी किती वाजता येता?”

रात्री जेवताना अण्णांच्या कानावर गेलंच. त्यांनी भाकरी मोडली आणि माझ्याकडं बघत, आत्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “गावात तोंड दाखवायचंय मला.”

आत्या चुलीपाशी होती. “तुझं नाय मागितलं ॲपनं,” ती म्हणाली. “माझं मागितलंय.”

*

सकाळी सहाला ती रानात आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. गर्द हिरवी साडी, बोटभर लाल काठ. इतकी वर्षं घडीत राहिल्यामुळं घड्यांच्या रेषा कापडावर पांढऱ्या पडल्या होत्या. डांबराच्या गोळ्यांचा वास दोन ओळींपर्यंत येत होता. हातात बांगडी नव्हती, कपाळ मोकळं होतं. मी विचारलं नाही, साडी कुठली. तिच्या लग्नातली असेल असं धरून चाललो.

“कुटं उभी ऱ्हाऊ?”

“झाडाच्या मागं,” पौळ साहेब म्हणाले. ते तिच्याकडं बघत नव्हते. मोबाईलकडं बघत होते. “आणि मावशी, डोळे मिटून उघडायचे. लाभार्थी जिवंत असल्याची खात्री करतंय.”

आत्यानं डोळे मिटले, उघडले. टुंग. ‘झाड आढळले. स्थिती: निरोगी.’

एक.

अशी आमची ओळ सुरू झाली. ती पुढच्या झाडामागं जायची, उभी राहायची, डोळे मिचकावायची. मी वहीत आकडा टाकायचो. आठपर्यंत सत्तर झाली. नऊ वाजता बांधावर बायका जमायला लागल्या. काम असल्यासारखं दाखवायला एक-दोघींनी खुरपीही आणली होती. म्हातारी रुखमाकाकू सगळ्यांत पुढं.

“कौसे,” ती ओरडली, “लगीन-बिगीन ठरलं का गं?”

“व्हय काकू,” आत्या झाडामागून म्हणाली. “तीनशे ईस नवरे हायत. येक बी बोलत नाय.”

“मग सुखी हायस,” काकू म्हणाली आणि खाली बसली.

मोबाईल दोनदा तापून बंद पडला. आम्ही तो ओल्या फडक्यात गुंडाळून विहिरीच्या सावलीत ठेवला. एकदा रेंज गेली आणि एकवीस झाडं नाहीशी झाली. ती पुन्हा काढली. आत्या परत मागं गेली, परत उभी राहिली, परत एकवीस वेळा डोळे मिचकावले. माझ्या तोंडून शिवी गेली. पौळ साहेब म्हणाले, ॲप ऐकत नाही. मी म्हणालो, हीच तर तक्रार आहे.

मधेमधे एखाद्या झाडापाशी ती थांबायची, नखानं साल खरवडायची आणि मान हलवून पुढं जायची.

“हे का सोडलं?” पौळ साहेबांनी विचारलं.

“हे मेलंय.”

“मावशी, त्याला कुठं कळतंय? तुम्ही उभ्या राहिलात की ते पण निरोगी.”

“मला कळतंय ना,” आत्या म्हणाली. “मेलेल्याला जितं म्हणायला मी सरकार नाय.”

अडीच वाजता शेवटची ओळ संपली. मी वही दोनदा मोजली. मग पौळ साहेबांनी मोजली. ॲपनं मोजलंच होतं. दोनशे सत्त्याऐंशी. एक झाड कमी.

“एखादं मेलेलं घ्या,” मी म्हणालो. “आत्या, एकच. कुणाला सांगायचं?”

“नाय.”

“एका काटकीसाठी दोन एकर सोडतीस?”

“सोडते.”

मी भडकलो. काय काय बोललो ते लिहीत नाही. बारा दिवसांचं सगळं तिच्यावर काढलं, तालुका, जिल्हा, बासरी, सगळं. ती ऐकत उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. सकाळपासून येत होतं. तीनशे वेळा उन्हात डोळे मिचकावल्यावर येणारच.

आणि मग बायका बांधावरून बाजूला झाल्या. अण्णा येत होते.

ते तरातरा आले, आत्यासमोर उभे राहिले आणि ओरडायला तोंड उघडलं. पण नजर साडीवर गेली. काठावर गेली. पुन्हा पदरावर आली. तोंड तसंच राहिलं.

“ही…” ते म्हणाले. “ही ती का?”

“तीच,” आत्या म्हणाली.

“तू नेसली नव्हतीस कदी.”

“कदी नेसू? तू नेसवलीस त्या म्हैन्यात हे गेले.”

तेव्हा मला कळलं. आजोबा वारल्यावर आत्याला माहेरी बोलावलं होतं. तिनं हक्कसोडपत्रावर सही केली, बापाच्या रानावर माझा काही हक्क नाही म्हणून. रीत असते तशी अण्णांनी बहिणीला साडी नेसवली. सगळ्याच बहिणींना नेसवतात. नऊ एकरांतल्या तिच्या वाट्याची ही साडी होती. मी सकाळपासून तिच्याबरोबर फिरत होतो आणि वहीत झाडांचे आकडे टाकत होतो.

मोबाईलनं टुंग केलं, पण ते बॅटरीचं होतं. नऊ टक्के.

अण्णा वळले. मला वाटलं, गेले. पण ते ओळीत शिरले. आत्यानं सोडलेल्या पहिल्या झाडापाशी वाकले, नखानं साल खरवडली. पुढं गेले. दुसरं. तिसरं. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळं नाक खोडाला लागत होतं. आठ-नऊ झाडं झाली. बांधावर रुखमाकाकू उठून उभी राहिली. मग एका झाडापाशी ते खाली बसले. वरची साल वाळकी होती. त्यांनी बुंध्याची माती हातानं उकरली आणि अगदी खाली, मुळाजवळ, नख लावलं.

“कौसा,” त्यांनी हाक मारली. “हिकडं ये.”

आत्या गेली. वाकून पाहिलं. मीही पाहिलं. मातीच्या आत बोटभर हिरवी रेघ होती.

“जितं हाय,” अण्णा म्हणाले. “उबी ऱ्हा इथं.”

ती उभी राहिली. अण्णा उठून बाजूला झाले. पौळ साहेबांनी मोबाईल धरला. आत्यानं डोळे मिटले आणि या वेळी उघडायला फार वेळ लावला. पौळ साहेब थांबून राहिले.

टुंग.

*

तिसरा हप्ता जूनमध्ये पडला. सोबत मेसेज आला, ‘आपल्या निरोगी झाडांबद्दल अभिनंदन.’ त्यात नमुन्यादाखल एक फोटो होता, आणि खाली झाडाची उंची पाच फूट एक इंच दिली होती. आत्या तेवढीच आहे. पावसाबरोबर झाडं आपोआप उठली आणि पहिला बहार धरला.

ऑगस्टमध्ये आम्ही रजिस्ट्री ऑफिसात गेलो. माझे दोन एकर गेले त्याला मी साक्षीदार म्हणून सही केली. अण्णांनी अंगठे दिले, फोटो दिला, डोळे मिचकावले. तिथंही तसंच मशीन होतं. सगळं झाल्यावर बाहेर बाकड्यावर बसलो, तेव्हा आत्यानं पिशवीतून ती साडी काढली. धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणली होती. तिनं ती अण्णांच्या मांडीवर ठेवली.

“रान आलं,” ती म्हणाली. “ही तुझी तुला.”

अण्णा साडीकडं बघत बसले. एकदा काठावरून हात फिरवला. मग ती उचलून परत तिच्या पिशवीत घातली आणि पिशवीचे बंद नीट ओढून बांधले.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “सरकारचा काय नेम नाय. लागंल परत.”